‘बेचिराख गाव’ म्हणजे जळालेलं गाव नव्हे

प्रश्न असा आला आहे : इंग्लंडमधल्या वॉरम पर्सी या खेड्यावरचा एक लेख मराठीत आणताना, माणसं सोडून गेलेल्या गावाला ‘बेचिराख गाव’ म्हणावं का? गावाला आग लागली नव्हती, मग हा शब्द चुकतो का? आणि ‘लोकसंख्या ३०’ असं लिहिलं तर चालेल का?

आधी शब्दाचं पाहू. ‘बेचिराख’मध्ये राख नाही. फारसीतला ‘चिराग’ म्हणजे दिवा मराठीत ‘चिराख’ झाला. जुन्या वाड्यांमधलं ‘चिराखदान’ त्याच घरातलं. ज्या गावात संध्याकाळी दिवा लागत नाही ते बेचिराख. महसुली दप्तरात हा शब्द अगदी कोरडेपणाने येतो : गावाचं नाव आहे, शिवार आहे, जमिनीवर आकार (सरकारी सारा) आहे, पण गावठाणात वस्ती नाही. पुढे शेवटच्या दोन अक्षरांत लोकांना राख ऐकू येऊ लागली आणि ‘बाँबहल्ल्यात शहर बेचिराख’ असे मथळे रूढ झाले. तो अर्थ आता इतका मुरला आहे की त्याला चूक म्हणण्यात हशील नाही. पण जुना अर्थ मेलेला नाही, आणि वॉरम पर्सीला तोच हवा आहे.

हे गाव यॉर्कशरमधल्या वोल्ड्स या खडूच्या टेकड्यांमधलं. १०८६ च्या डूम्सडे पाहणीत, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीन-मोजदादीत, वॉरमची नोंद आहे. ‘पर्सी’ हे जमीनदार घराण्याचं नाव. शेजारी वॉरम ले स्ट्रीट हे दुसरं वॉरम असल्यामुळे ही शेपटी कामाची (ते दुसरं अजून नांदतं आहे). १४०३ मध्ये गाव पर्सींकडून हिल्टन घराण्याकडे गेलं.

हे गाव प्लेगने संपलं, असं सर्रास सांगितलं जातं. १३४८-४९ च्या साथीने माणसं नेली हे खरं, पण १३६८ मध्ये इथे सुमारे ३० घरं नांदती होती. १४५८ मध्ये १६ उरली. आणि १५०० च्या सुमारास शेवटच्या चार कुटुंबांना हिल्टन जमीनदाराने उठवलं. कारण मेंढ्या. लोकरीला भाव होता, नांगरटीला मजूर लागत आणि मजुरी वाढलेली. कुरणाला एखाददुसरा मेंढपाळ पुरे. म्हणजे गाव एका रात्रीत गेलं नाही, दीडशे वर्षं विझत राहिलं. म्हणूनच ‘बेचिराख झालं’ लिहिलंत तर वाचक हल्ला शोधेल. ‘बेचिराख होत गेलं’ लिहा. शेवटच्या टप्प्यासाठी तर आपल्याकडचं ‘गाव उठवलं’ चपखल आहे. धरणाखाली गेलेल्या गावांबद्दल आपण हेच क्रियापद वापरतो, आणि उठवणारा कोणीतरी असतो हे त्यात आपोआप येतं.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. वस्ती गेली तरी सेंट मार्टिनचं चर्च चालू राहिलं, कारण आसपासच्या वाड्या त्याच पॅरिशमध्ये, म्हणजे त्याच चर्चच्या हद्दीत, होत्या. तिथली शेवटची प्रार्थना १९४९ मधली. पाद्र्याचं घर, पुढे एखादं शेतघर, असा दिवा कुठे ना कुठे लागतच होता. तरीही मी ‘बेचिराख’च ठेवीन, गावकी मोडली की एकट्या घराने गाव होत नाही.

‘निर्जन’ नको, अरण्यही निर्जन असतं. ‘उजाड’ तर अजिबात नको, तिथे हिरवंगार कुरण आहे. ‘ओसाड’ चालेल, पण त्यात हळहळ जास्त आणि माहिती कमी. गवताखालच्या घरांच्या उंचवट्यांसाठी ‘पांढरी’ वापरण्याचा मोह मला होतो. गावठाणाच्या मातीला आपण पांढरी म्हणतो, आणि इथे तर घरांचे पायेही खडूच्या दगडाचे! पण तळटीप द्यावी लागेल. हे पाये उजेडात आले ते उत्खननामुळे : मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट या संशोधकांनी १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं तिथे उन्हाळी उत्खननं चालवली. (आगीचा पुरावा हवाच असेल तर तो हाडांवर सापडला : काही मृतांची हाडं कापलेली, जाळलेली. मेलेले उठून येऊ नयेत म्हणून केलं असावं, असं २०१७ मध्ये अभ्यासकांनी सुचवलं. त्याचा गाव सुटण्याशी संबंध नाही.)

आता आकडा. ३० ही माणसं नव्हेत, घरं आहेत. मध्ययुगीन इंग्रजी नोंदी बहुधा घरं किंवा कुटुंबप्रमुख मोजतात. इथे मराठीला शब्द शोधावा लागत नाही : ‘तीस उंबऱ्यांचं गाव’. दर घरी साडेचार-पाच माणसं धरली तर ३० उंबरे म्हणजे १३५ ते १५० माणसं, १६ म्हणजे ७०-८०. हा गुणाकार लेखात दाखवणार असाल तर ‘अंदाजे’ विसरू नका. वाक्य असं करता येईल : ‘१३६८ मध्ये सुमारे तीस उंबऱ्यांचं असलेलं हे गाव १४५८ पर्यंत सोळा उंबऱ्यांवर आलं, आणि १५०० च्या सुमारास उरलेल्यांना उठवल्यावर बेचिराख झालं.’ इथे ‘झालं’ चालतं, कारण आधीच्या दोन आकड्यांनी वाचकाला उतार दाखवलेला आहे.