पेटी तोट्यात, धंदा नफ्यात: मोंढ्यातल्या उचलीवरून सांगतो

नांदेडच्या एका मित्राने विचारलंय की सोनीने गेम खेळायची पाचशे डॉलरची मशीन, प्लेस्टेशन, तोट्यात विकली असं वाचलं, तरी सोनी कमावते. मायक्रोसॉफ्टकडे पैशाची कमी नाही, तरी तिची मशीन, एक्सबॉक्स, मागे. आणि सेगाने तर मशीन बनवणंच सोडलं. पेट्या आतून सारख्याच, मग एवढा फरक का? प्रश्न मनापासून आवडला, म्हणून सविस्तर लिहितोय. मी वयाने मोठा आहे, तेव्हा ‘तू’ म्हणतो, राग मानू नको.

मी जालन्यात अकरा वर्षं गेम पार्लर चालवलं. पण हा धंदा मला कळला तो वडिलांच्या वहीवरून. ते मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडतीवर मुनीम होते. मृग लागला की शेतकरी आडत्याकडे यायचे. बी-खताला हातात पैसा नसायचा. आडत्या उचल द्यायचा, वडील ती वहीत नावे टाकायचे. अट एकच, माल आमच्याच आडतीवर आणायचा. दसरा-दिवाळीला सोयाबीन यायचं, मागून तूर यायची, काट्यावर पोती चढायची आणि पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशोबातून, उचल, आडत (दलाली), हमाली, तोलाई वजा व्हायची. उचलीचा आकडा बघून ‘मालक बुडणार’ असं वडील कधी म्हणाले नाहीत. किती जण माल घेऊन परत आले, ते बघायचे.

कन्सोलचं, म्हणजे या गेमच्या मशीनचं, तेच आहे. फरक एवढाच की इथे उचल गिऱ्हाइकाला मिळते, स्वस्त पेटीच्या रूपात, आणि आडत कापली जाते गेम बनवणाऱ्याच्या पट्टीतून. ऑनलाइन स्टोअरवर १०० रुपयांचा गेम विकला गेला की साधारण ३० रुपये मशीनवाल्याचे. डिस्कवर विकला तरी परवान्याची रक्कम द्यावीच लागते. म्हणून पेटीवरचा तोटा हा आजार नव्हे. २०२१ मध्ये गेम बनवणारी एपिक आणि ॲपल यांच्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलं की एक्सबॉक्सच्या यंत्रावर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. तेव्हा लोकांना धक्का बसला, मला नाही बसला.

आता मोंढा म्हटला की त्याला भिंत आणि गेट लागतं. अमेरिकेत अटारी या मशीन बनवणाऱ्या कंपनीकडे ते नव्हतं. १९७९ मध्ये तिचेच काही प्रोग्रामर बाहेर पडले, ॲक्टिव्हिजन काढली आणि अटारीच्याच मशीनसाठी गेम विकू लागले. त्यांच्यामागून कुणीही उठलं आणि कार्ट्रिज (मशीनमध्ये घालायची गेमची डबी) काढू लागलं. खराब मालाचे ढीग लागले, दुकानदारांनी ते मातीमोल भावात काढले आणि १९८३ मध्ये अमेरिकेतला सगळा बाजार बसला. निन्टेंडो दोन वर्षांनी तिथे उतरली ती कुलूप घेऊनच. मशीनमध्ये एक चिप, कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार. दोघींची ओळख पटली तरच गेम चालणार. कार्ट्रिज निन्टेंडोच बनवून देणार आणि एका कंपनीने वर्षाला पाचच गेम आणायचे. जाचक होतं, पण आज हा धंदा ज्या पायावर उभा आहे तो तिथे घातला गेला.

भिंतीशिवाय काय होतं ते मी स्वतः केलंय. पार्लरमध्ये माझ्याकडे तीन पीएस२, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन २, होत्या. तिन्ही औरंगाबादेत एका कारागिराकडे नेऊन चिप बसवून आणल्या होत्या. त्याने माझ्यासमोर पेटी उघडली, भिंग लावलं आणि केसाएवढ्या बारीक तारा एकेक करून बोर्डावर डागल्या. त्यानंतर मूळ डिस्कची गरजच उरली नाही. ५० रुपयांची कॉपी चालायची. लेकरं तासाला १० रुपये द्यायची. लोडशेडिंगमुळे दिवसातले कित्येक तास मशीन बंदच असायच्या, तरी संध्याकाळी बसायला जागा नसायची. अकरा वर्षांत हजारो तास गेम चालले असतील आणि त्यातला एक रुपयाही गेम बनवणाऱ्याला किंवा मशीनवाल्याला गेला नाही. ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पण हिशोब लक्षात घे: कंपनीच्या लेखी माझ्या तीन पेट्या विकल्या गेल्या होत्या, पण माझा माल तिच्या काट्यावर कधी आलाच नाही. किती मशीन विकल्या, हा आकडा एकट्याने बघू नये तो यासाठी. एका मशीनमागे किती गेम विकत घेतले गेले, ते विचारावं.

याच्या उलट चूक थ्रीडीओने केली. १९९३ मध्ये आलेली ही कंपनी स्वतः मशीन बनवतच नव्हती. आराखडा पॅनासॉनिकसारख्या कंपन्यांना द्यायचा, त्यांनी पेटी बनवायची, आणि गेममागे फक्त ३ डॉलर घ्यायचे. गेमवाल्यांना हे फार आवडलं. पण पॅनासॉनिकला गेममधून काहीच मिळणार नव्हतं, तिला नफा पेटीतच काढावा लागला. किंमत झाली ७०० डॉलर. ज्याला आडत मिळणार नाही, तो उचल कशाला देईल?

सेगाबद्दल लिहिताना मला आजही वाईट वाटतं. तिची ड्रीमकास्ट काळाच्या पुढची होती; १९९८ मध्ये पेटीतच मोडेम दिलेला होता. पण सेगाने त्याआधीच पत घालवली होती. जुन्या मशीनला आधी सीडीचं जोडयंत्र, मग ३२एक्स नावाचं दुसरं, त्याच्या पाठोपाठ सॅटर्न. प्रत्येक वेळी घेणाऱ्याचे पैसे अडकले. मे १९९५ मध्ये तर तिने अमेरिकेत सॅटर्न ठरलेल्या तारखेच्या कितीतरी आधी, कुणालाच न कळवता दुकानात आणली. गेम बनवणाऱ्यांचे गेम अर्धवट आणि दुकानदारांपैकी काहींनाच माल, बाकीचे दुखावले. हे ज्या गेमच्या प्रदर्शनात जाहीर झालं, तिथेच सॅटर्नची किंमत ३९९ डॉलर सांगितली गेली आणि सोनीचा माणूस मंचावर येऊन ‘२९९’ एवढंच बोलून खाली उतरला.

पुढे ड्रीमकास्ट आली तेव्हा खेळांच्या गेममधली सगळ्यात मोठी कंपनी, ईए, तिच्यासाठी गेम बनवायला तयार नव्हती. भर म्हणून ड्रीमकास्टच्या डिस्कची भिंत फुटली. चिप न बसवताही कॉपी चालू लागली. समोर पीएस२ उभी, जिच्यात डीव्हीडी बघता यायची. २००१ च्या जानेवारीत सेगाने मशीनचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. तिचे प्रमुख इसाओ ओकावा तेव्हा आजारी होते. कंपनी तगावी म्हणून त्यांनी स्वतःचे शेअर कंपनीला देऊन टाकले आणि थोड्याच दिवसांत ते गेले. सेगा त्यामुळे वाचली, आजही दुसऱ्यांच्या मशीनवर गेम विकते आहे. आडत मोडली, पण वावर राहिलं.

निन्टेंडोचं वेगळेपण इथेच आहे. ती आडत्याही आहे आणि शेतकरीही. मारिओ, झेल्डा, पोकेमॉन ही तिच्या घरची पिकं. वर जुनं, स्वस्त झालेलं तंत्र नव्या कामाला लावायचं, ही तिथले जुने अभियंते गुनपेई योकोई यांची शिकवण. १९८९ चा हातात धरून खेळायचा गेम बॉय काळा-पांढरा होता. समोर सेगाचा रंगीत गेम गिअर सहा सेल घालून काही तासांत मान टाकायचा. जिंकला गेम बॉय. २००६ ची ‘वी’ ही मशीन २५० डॉलरची, ताकदीने दुबळी, पण सुरुवातीपासून पेटीवरच नफा देणारी आणि दहा कोटींहून जास्त विकली गेलेली.

निन्टेंडो कधी चुकत नाही असं मात्र समजू नको. २०११ मध्ये ३डीएस ही हातातली मशीन २५० डॉलरला आणली, खपेना म्हणून पाच-सहा महिन्यांत १७० वर यावं लागलं, आणि प्रमुख सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. त्या आर्थिक वर्षात तीस वर्षांत पहिल्यांदा कंपनीला तोटा झाला. मग ‘वी यू’ ही मशीन, जी दीड कोटीसुद्धा विकली गेली नाही. मारिओ कार्ट ८ हा गेम त्या वी यूवर २०१४ मध्ये आला आणि सुमारे ८५ लाख गेला. तोच गेम थोडी भर घालून २०१७ मध्ये स्विच या पुढच्या मशीनवर आणला, तर ६ कोटींच्या वर गेला. पीक तेच, पण ज्या मोंढ्यात माणसंच नाहीत तिथे भाव कोण करणार? वाईट हंगाम निघाला तो गाठीच्या रोकडीवर.

सोनीचाही वाईट हंगाम सांगतो. २००६ ची पीएस३ ५९९ डॉलरला विकली जायची आणि आतल्या सुट्या भागांचाच खर्च त्या वेळी जाणकारांनी ८४० डॉलरच्या आसपास काढला होता. ‘सेल’ नावाचा महागडा प्रोसेसर, नवीन ब्लू-रे डिस्क. त्या वर्षी सोनीच्या गेम विभागाला २३२ अब्ज येनचा तोटा झाला. वाईट गोष्ट ही की उचल एवढी मोठी देऊनही किंमत गिऱ्हाइकाला परवडत नव्हती आणि सेलवर गेम लिहिणं प्रोग्रामरला जड जात होतं. म्हणजे दोन्ही दारं अडलेली. २०१३ च्या पीएस४ मध्ये सोनीने ते सुधारलं. संगणकाला वापरतात तसलेच एएमडी कंपनीचे भाग घेतले आणि किंमत ठेवली ३९९. एक्सबॉक्स वन ४९९ ला आली, कारण तिच्यासोबत किनेक्ट कॅमेरा घ्यावाच लागायचा.

पीएस४ पुढे गेली. ती हार मायक्रोसॉफ्टला फार महागात पडली, कारण लोकांनी डिस्क सोडून डिजिटल गेम घ्यायला सुरुवात केली ती त्याच पिढीत. ज्याने पीएस४ वर पन्नास गेम जमवले, तो पीएस५ सोडून दुसरीकडे का जाईल? एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनीही २०२३ मध्ये हे उघडपणे मान्य केलं. त्याआधी एक्सबॉक्स ३६० च्या बिघाडापायी २००७ मध्ये शंभर कोटी डॉलरहून जास्त बाजूला काढावे लागले होते. दुसरी कंपनी असती तर तिथेच संपली असती. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये ६८.७ अब्ज डॉलरला ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही गेम बनवणारी कंपनी घेतली, पण आता आपलेच गेम सोनी-निन्टेंडोच्या मशीनवरही विकते आहे. माझ्या मते ती हळूहळू आडतीवरून वावराकडे चालली आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

एक गोष्ट मात्र नवी आहे आणि तिच्याकडे लक्ष ठेव. पूर्वी उचल फिटायची, कारण वर्षं गेली की चिप स्वस्त व्हायच्या. पीएस२ २९९ ला आली आणि २००९ मध्ये ९९ डॉलरवर उतरली. पीएस५ डिस्कवाली २०२१ च्या ऑगस्टपर्यंत तोट्यातून बाहेर आल्याचं सोनीने सांगितलं, पण पुढच्याच वर्षी कित्येक देशांत तिची किंमत वाढली. जुनी होणारी मशीन महाग होते, हे मी या धंद्यात आधी कधी पाहिलं नव्हतं. हे असंच राहिलं तर स्वस्तात पेटी द्यायची रीत मोडेल, आणि आपल्यासारख्या गावांतल्या लेकरांपर्यंत मशीन पोचणं आणखी अवघड होईल. पीएस५ भारतात आली तेव्हा ४९,९९० रुपयांची होती. माझ्या पार्लरमध्ये बसणाऱ्या मुलांपैकी एकाच्याही घरी तेवढ्याची वस्तू नव्हती.

तू प्रोजेक्टसाठी आकडे गोळा करत असशील तर पेट्यांच्या विक्रीबरोबर गेमच्या विक्रीचा रकाना नक्की टाक. निन्टेंडो दर तिमाहीला दोन्ही आकडे शेजारी-शेजारी देते, तिथून सुरुवात कर. अडलं तर इथेच विचार.