'अ सेपरेशन'मधली सिमीन स्वार्थी वाटत नाही का? आणि इराणी पिक्चरमध्ये बायका घरातही स्कार्फ का घालतात?

नाही वाटत. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय ना, "म्हातारा सासरा आजारी असताना घर सोडणारी बाई", ते झोंबलं, म्हणून एवढं लिहितेय.

मी हा पिक्चर नणंदेबरोबर बघितला, आमच्याच हॉलमध्ये, आतल्या खोलीत अप्पा झोपलेले. सासरे माझे. डिमेन्शिया. मला "अहो बाई" म्हणायचे. तर पिक्चरमध्ये कामाला आलेली रझिये, म्हातारबाबांनी पायजमा ओला केला म्हणून घाबरून फोन लावते आणि विचारते, मी यांचे कपडे बदलले तर पाप लागेल का. नणंद हसली, काय बाई यांचं एकेक. मला हसू आलं नाही, कारण आमच्याकडची ब्यूरोची मावशी महिन्याभरापूर्वीच "पुरुष पेशंटचं शी-शू मी करणार नाही, मामा (म्हणजे पुरुष मदतनीस) बघा" म्हणून गेलेली. मामा मिळेपर्यंत १७ दिवस कोणी केलं? पहाटे साडेपाचला मेणकापड धुऊन गॅलरीत टाकायचं, मग डबे, मग ऑफिस. आणि सोसायटीत कौतुक कोणाचं, तर मुलगा बघा बापाचं किती करतो.

सिमीनच्या नवऱ्याचा, नादेरचा, तो डायलॉग सगळ्यांना आवडतो. सिमीन म्हणते, तू मुलगा आहेस हे त्यांना कळतं तरी का, तो म्हणतो, मला कळतं ना ते माझे वडील आहेत. नणंदेने टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या. अहो पण कळतं तर दिवसभर बापाला सांभाळायला पगारी बाई, तीही पोटुशी (पुढे तिचं मूल पोटातच जातं आणि आळ नादेरवर येतो; ती पोटुशी आहे हे त्याला माहीत होतं की नाही यावरच तर सगळी केस), आणि तिने नवऱ्यापासून लपवून काम धरलेलं. सिमीनला मुलीसाठी देश सोडायचाय, तो घटस्फोटाला तयार आहे पण मुलीला नेऊ देत नाही. आणि तो अडकल्यावर तडजोडीसाठी पळापळ कोण करतं? हीच स्वार्थी बाई.

बरं, स्कार्फचं. तो तिकडच्या सेन्सॉरचा नियम आहे, पडद्यावर बाईचे केस दिसायला नकोत, मग सीन बेडरूमचा का असेना. त्यामुळे त्यावरून सिमीन दबलेली वगैरे समजू नका. तिचा सैलसर स्कार्फ आणि रझियेची अंगभर काळी चादोर यातला फरक बघा, तो घरच्या परिस्थितीचा आणि श्रद्धेचा आहे. आणि पेट्रोलपंपावर नादेर मुलीला, तरमेला, स्वतः पेट्रोल भरायला लावतो, उरलेले पैसे मागून आणायला परत पाठवतो, तो सीनही बघा. मुलगी खमकी हवी, बायको खमकी निघाली की मात्र पंचाईत.

नादेर व्हिलन आहे असं नाही हां. बापाला अंघोळ घालताना तो रडतो तिथे मी पण रडले. माझा नवराही नंतर, मामा सुट्टीवर असला की, गुपचूप सगळं करायचा, हे सांगायला हवं. दिग्दर्शक फरहादीने कोणालाच सरळ दोषी धरलेलं नाही, २०१२ चं ऑस्कर उगाच नाही मिळालं.

पुढच्या वर्षी मी प्रमोशनवर हैदराबादला गेले तेव्हा फॅमिली ग्रुपवर मेसेज पडला, "आमची सिमीन निघाली". ताई (माझी नणंदच), हे वाचत असाल तर, त्या वेळी तुम्ही चार दिवस राहिलात आणि मेणकापडाला एकदाही हात लावला नव्हतात.