दहावीच्या वर्षात वाचन आणि लेखकांचे कार्यक्रम कसे सांभाळावेत?

'आधी दहावी, मग वाच. कार्यक्रम काय, कधीही होतात,' असं घरचे म्हणतात, असं तू लिहिलंयस. हे वाक्य मी जसंच्या तसं ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

फेब्रुवारी २०१७. ९०वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या डोंबिवलीत, क्रीडा संकुलात, घरापासून रिक्षाच्या अंतरावर. बोर्ड महिन्यावर आलेलं आणि क्लासने नेमकी त्याच रविवारी बीजगणिताची सराव परीक्षा ठेवलेली. काका म्हणाले, "संमेलन कुठे पळून जातंय? पुढच्या वर्षी जा." पुढच्या वर्षी ते बडोद्याला भरलं. मग यवतमाळ, उस्मानाबाद, नाशिक. डोंबिवलीत काही परत आलेलं नाही. बीजगणिताचे सराव पेपर मात्र झेरॉक्सवाल्याकडे आजही गठ्ठ्याने मिळतात.

आईने क्लासला फोन करून 'ताप आहे' सांगितलं आणि आम्ही दोघी गेलो. पुस्तकांच्या स्टॉलवर ही गर्दी. एका लेखकांपुढे पुस्तक धरलं तर त्यांचं पेन चालेना, मी कंपासमधलं जेल पेन दिलं. सही करता करता विचारतात, "कितवीत?" दहावी म्हटल्यावर थेट आईकडे बघून, "अहो, मग इथे कशी?" लेखकसुद्धा! तेही स्वतःचं पुस्तक विकत घेणाऱ्या मुलीबद्दल! आई म्हणाली, "पेपर संध्याकाळी सोडवणार आहे." सोडवलाही, ओट्याशेजारी बसून, घड्याळ लावून.

तर तुझं उत्तर. कार्यक्रमपत्रिका आधी हातात येते, त्यातलं एखादंच सत्र निवड. उद्घाटन सोड, निम्मा वेळ सत्कारात जातो. परीक्षेच्या दिवसांत कादंबरी उघडू नकोस, खाली ठेववत नाही. कथासंग्रह घे, झोपायच्या आधी एक कथा. आणि 'वाचनाने मार्क वाढतात' असलं घरी सांगू नकोस. निबंधाला, अपठित उताऱ्याला फायदा होतो, भूमितीला शून्य. मार्कांसाठी वाचायचं असेल तर गाईड आहेच की.

आमचे काका अजून लग्नाकार्यात सांगतात, "वाचनाचा नाद नसता तर हिला आणखी दोन टक्के पडले असते." त्यांच्या चिरंजीवांनी दहावीला पेपरातलं राशिभविष्यसुद्धा वाचलं नव्हतं, तरी माझ्यापेक्षा कमीच पडले. त्याचे टक्के कुणी खाल्ले?

हां, पूर्वपरीक्षेत गणितात गटांगळ्या खाल्ल्या असशील तर यंदा मुकाट्याने घरी बस. आणि आईला तापाची थाप मारायला लावू नकोस. हल्ली क्लासवाले दुपारी व्हॉट्सॲपवर तब्येत विचारतात.