तीन हजारांना एक डॉलर घ्यावा का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. तिकिटाच्या मशीनमधून सुटे म्हणून आलेली डॉलरची सोनेरी नाणी यजमानांनी डब्यात साठवली आहेत, चारेकशे असतील. आता त्यांना ऑनलाइन एक 'चीरिओज डॉलर' तीन हजार डॉलरांना मिळतोय. नाणं सीलबंद डबीत नाही, सुटंच आहे, पण विक्रेता अस्सल असल्याची खात्री देतो. पैसे अडीअडचणीच्या बचतीतून काढायचे म्हणतात.

उत्तर: ताई, हे नाणं घेऊ नका. चीरिओज डॉलर दुर्मीळ आहे, यात शंका नाही. 2000 साली सॅकाजविया या मूळनिवासी स्त्रीची छबी असलेलं नवं डॉलरचं नाणं आलं, तेव्हा जाहिरात म्हणून सुमारे साडेपाच हजार नाणी चीरिओज या न्याहारीच्या सीरियलच्या खोक्यांतून वाटली गेली. त्यांच्या मागच्या बाजूला गरुडाच्या शेपटीची पिसं नेहमीच्या नाण्यापेक्षा रेखीव आहेत. हा फरक 2005 पर्यंत कुणाच्या ध्यानात आला नव्हता, तोवर कित्येकांनी ती खर्चूनही टाकली असतील. पण फरक भिंगातून बघण्याइतका बारीक. विक्रेत्याचा फोटो आणि त्याचा शब्द एवढ्यावर तीन हजार? पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीतलं असेल आणि डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर जुळत असेल, तरच बोलणं पुढे न्यावं. तेही हौसेच्या पैशांतून. घरात कुणाची नोकरी गेली, तर हे नाणं त्याच आठवड्यात योग्य भावाला विकलं जाणार नाही. शिवाय दुकानदार विकतो एका भावाने आणि घेतो बऱ्याच कमी भावाने. वर्षाहून जास्त ठेवून नफा झालाच, तर संग्राह्य वस्तू म्हणून त्यावर 28 टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर लागू शकतो. आयआरएच्या, म्हणजे निवृत्तीखात्याच्या, पैशांतून घ्यायचा विचार तर अजिबात नको. ती रक्कम खात्यातून काढल्यासारखीच धरली जाते.

भाव कसा पडतो, ते 2007 च्या वॉशिंग्टन डॉलरवरून बघा. अध्यक्षांच्या नाण्यांच्या या मालिकेत साल आणि टांकसाळीची खूण नाण्याच्या कडेवर कोरलेली असते. काही नाणी कोऱ्या कडेचीच बाहेर पडली. सुरुवातीला लोकांनी त्यांना शेकडो डॉलर मोजले. मग ती हजारोंनी सापडत गेली आणि भाव बसला. लगोलग कड घासून बनावट नाणीही आली. (अस्सल नाण्याचं वजन 8.1 ग्रॅम, घासलेलं हलकं भरतं.)

यजमानांची हौस मात्र मोडू नका. डबा उघडा, भिंग घ्या. 2000 साल आणि 'पी' ही फिलाडेल्फिया टांकसाळीची खूण असलेली सॅकाजविया बाजूला काढा. गरुडाच्या अंगावर आरपार ओरखडे असतील, तर ते 'जखमी गरुड' प्रकारचं असू शकतं, त्याला चांगला भाव आहे. चांदीसारखी दिसणारी 1979 ची सुझन अँथनी असतील, तर 'पी' खुणेच्या नाण्यावर साल काठाच्या किती जवळ आहे ते पाहा. अगदी चिकटून आणि काठ रुंद, तर तेही वेगळं ठेवा. अध्यक्षांच्या नाण्यांवर कडेची अक्षरं सुलटी की उलटी, यावर वेळ घालवू नका. ती दोन्ही तऱ्हांनी सर्रास येतात.

निवडलेली तीन-चार नाणी जाणकार दुकानदाराला दाखवा आणि त्याने दुजोरा दिला तरच तपासणीला पाठवा, कारण फी आणि विम्यासह टपालखर्च प्रत्येक नाण्यामागे सोसावा लागतो. नाणी पुसू किंवा धुऊ नका, किंमत जाते. आणि रंगावर जाऊ नका. तांब्यावर मँगनीजयुक्त पितळेचा थर आहे, सोनं नाही. उरलेली बँकेत भरा, तीनशे-साडेतीनशे डॉलर तरी व्याजाला लागतील.