भिंतीपलीकडचा धूर: वाचकांचे प्रश्न

परवडणाऱ्या भाड्याच्या इमारतींमधल्या धूम्रपानबंदीबद्दल बरीच पत्रं आली. काहींना बंदी हवी आहे, काहींना ती जाचते, आणि काहींच्या हातात नोटीस पडली आहे. निवडक पत्रांना उत्तरं देतो.

प्रश्न: खालच्या घरातले गृहस्थ दारं-खिडक्या लावून सिगारेट ओढतात, तरी रात्री आमच्या बाथरूममध्ये वास येतो. मी एक्झॉस्ट पंखा चालूच ठेवते, पण वास उलट वाढल्यासारखा वाटतो. हा भास आहे का?

भास नाही. एक्झॉस्ट तुमच्या घरातली हवा बाहेर फेकतो, आणि तेवढी हवा कुठून तरी आत यावीच लागते. खिडकी बंद असेल तर ती मिळेल त्या फटीतून ओढली जाते. पाइप भिंतीत शिरतात तिथली भोकं, स्विचबोर्डाची खोकी, छतातल्या दिव्यांच्या कडा, मुख्य दाराखालची जागा अशा वाटा पुष्कळ असतात. वरून अखंड दिसणारी भिंत हवेच्या दृष्टीने चाळणीच असते. धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान, त्यामुळे त्यांना केसाएवढी फटही पुरते. शिवाय थंडीच्या दिवसांत आतली गरम हवा वर चढते आणि खालच्यांचा धूर वरच्यांच्या वाट्याला येतो.

वाट शोधायची असेल तर टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी कापा. खिडक्या बंद करून एक्झॉस्ट लावा आणि ती पट्टी सिंकखाली, पाइप भिंतीत जातो तिथे धरा. ती तुमच्या दिशेने फडफडली तर हवा तिथूनच येते आहे. पाइपाभोवती सीलंट भरा आणि दाराखाली रबरी पट्टी बसवा. स्विचबोर्डाच्या झाकणामागे फोमचं गॅस्केट लागतं, ते मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या. एक्झॉस्ट लावताना जिकडे धूर नाही त्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवा.

एवढं करून धूर कमी होईल, थांबणार नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य सल्लागाराच्या २००६ च्या अहवालात हेच आहे: दुसऱ्याच्या धुराची कुठलीही पातळी निर्धोक नाही, आणि वायुवीजन किंवा हवा गाळण्याने तो पुरता टळत नाही. म्हणून ‘आपापल्या घरात ओढा’ हा तोडगा एकाला एक लागून असलेल्या घरांत चालत नाही.

प्रश्न: मग चांगला एअर प्युरिफायर घेतला तर?

हेपा फिल्टर कण पकडतो, वायू नाही. वासासाठी कोळशाचा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनचा जाड थर लागतो. स्वस्त यंत्रांत तो नावापुरता असतो आणि लवकर भरतो. दम्याचं मूल घरात असेल तर झोपायच्या खोलीत जरूर लावा, पण आधी फटी बुजवा.

प्रश्न: पैसेवाल्यांच्या घरात कुणी डोकावत नाही. नियम मात्र सरकारी भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना. हा गरिबांवर अन्याय नाही का?

तुमचा राग मला अर्धा पटतो. या बाबतीतलं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकेचं. तिथल्या गृहनिर्माण खात्याने डिसेंबर २०१६ मध्ये नियम काढला आणि सरकारी भाड्याची घरं चालवणाऱ्या संस्थांना ३० जुलै २०१८ ची मुदत दिली. सुमारे ९ लाख ४० हजार घरं त्याखाली आली. घराच्या आत, जिन्यात, लॉबीत आणि इमारतीपासून २५ फुटांपर्यंत सिगारेट, सिगार, पाइप, हुक्का बंद. तेच खातं ज्यांना खासगी घराच्या भाड्यासाठी व्हाउचर देतं, त्यांना मात्र हा नियम लागू नाही. तेव्हा बोजा कुणावर पडला, हा प्रश्न रास्तच आहे.

आता उरलेला अर्धा. ज्याच्या खिशात पैसा आहे तो शेजारच्या धुराला कंटाळला तर घर बदलतो. सरकारी घराच्या प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षं थांबून ज्याला घर मिळालं, तो जाणार कुठे? न ओढणारा गरीबही त्याच इमारतीत राहतो, आणि बहुधा तोच बहुसंख्य असतो. सिंगापूरने वेगळी वाट धरली: सामायिक व्हरांडे आणि जिन्यांत बंदी, घरात नाही. २०२० मध्ये तिथल्या संसदेत खिडकी-बाल्कनीतही बंदी आणण्याची मागणी झाली. लोकांच्या खासगी जागेत फार शिरावं लागेल, म्हणून सरकारने ती मानली नाही.

माझं मत बंदीच्या बाजूचं आहे, दंड आणि बेदखलीच्या बाजूचं नाही. सिगारेटपायी माणूस रस्त्यावर आला तर त्या नियमाने आरोग्याचं काय भलं केलं?

प्रश्न: वडील पंचाहत्तरीचे, गुडघे गेलेले. तिसऱ्या मजल्यावरून रोज पाच-सहा वेळा खाली उतरणं शक्य नाही. दोन नोटिसा आल्या आहेत. अपंगत्वाच्या कारणावरून त्यांना घरात ओढायची सूट मागता येईल का?

ती सूट मागू नका, मिळणार नाही. वेगळं काही मागा. अमेरिकी खात्याच्या मार्गदर्शनात अशांसाठी तळमजल्यावरचं, बाहेर पडायच्या दाराजवळचं घर देणं ही वाजवी सोय मानली आहे. तुमच्याकडचा नियम वेगळा असला तरी मागणी याच धर्तीवर करा. डॉक्टरांचं पत्र जोडा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तिसरी नोटीस येईपर्यंत थांबू नका.

दुसरं, वडिलांना ‘सोडा’ म्हणण्याऐवजी ‘घरातल्या सिगारेटींपुरता पॅच लावून बघू’ म्हणा. निकोटिनचा पॅच किंवा गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. तलफेचा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो, दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. घरात ऑक्सिजन लावलेला असेल तर मात्र तडजोड नाही. ऑक्सिजनच्या नळीजवळ पेटलेली सिगारेट म्हणजे आग, आणि ती एका घरापुरती राहत नाही.

प्रश्न: आमच्या इमारतीचं व्यवस्थापन माझ्याकडे आहे. बंदी लागू होऊन वर्ष झालं, फलक लागले, भाडेकरारात कलम आलं. तक्रारी तेवढ्याच. चुकतंय कुठे?

न्यूयॉर्कमधल्या सरकारी भाड्याच्या घरांच्या इमारतींत संशोधकांनी बंदीच्या आधी आणि नंतर हवा मोजली. वर्षभरानंतरही हवेतल्या निकोटिनमध्ये म्हणावी तशी घट दिसली नाही. तेव्हा तुम्ही एकटे नाही.

मी पहिल्यांदा विचारेन, ओढणाऱ्याने जायचं कुठे? रात्री अकरा वाजता, पावसात, अंधाऱ्या आवाराच्या टोकाला कुणी बाई एकटी जाणार नाही. ती बाथरूममध्ये पंखा लावून ओढेल. इमारतीपासून पुरेशा अंतरावर छप्पर, दिवा, बाक आणि थोटकं टाकायला झाकणाचा डबा, एवढं केलंत तर फलकापेक्षा जास्त फरक पडेल. सोडायची मदत इमारतीतच आणा, कामावरून परतायच्या वेळेला. आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीवर सगळी मदार ठेवू नका. जुनी भांडणं याच तक्रारवहीत उतरतात. तक्रार आली की आधी फट तपासा, मग बोला, मग लेखी समज. बेदखली अगदी शेवटी. अमेरिकी खात्याचंही सांगणं तेच आहे.

प्रश्न: ई-सिगारेट चालेल का?

अमेरिकेच्या त्या नियमात ती नव्हती. संस्थांना वाटलं तर त्या तिलाही बंदीत घालू शकतात. तिच्या वाफेतही निकोटिन आणि बारीक कण असतातच. नियम नव्याने लिहिताय तर तीही घाला.

प्रश्न: नवं घर मिळालं, पण आधीचा भाडेकरू ओढायचा. भिंतीवर फोटो होता तेवढा चौकोन पांढरा, बाकी सगळं पिवळट. नुसता रंग मारला तर चालेल?

चालणार नाही. पाण्यातला रंग थेट मारलात तर काही दिवसांत पिवळे ओघळ वर येतील. आधी डिटर्जंटच्या पाण्याने भिंती आणि छत पुसा, पाणी तपकिरी यायचं थांबेपर्यंत. मग डाग अडवणारा प्राइमर, मग रंग. गालिचा आणि पडदे काढूनच टाका. हा नुसता वासाचा मामला नाही: भिंतीवर बसलेलं निकोटिन हवेतल्या नायट्रस आम्लाशी मिसळून कर्करोगकारक नायट्रोसामाइन्स तयार करू शकतं, आणि रांगणारं मूल त्याच फरशीवरून हात तोंडात घालतं. खर्च घरमालकाचा की तुमचा, हे चावी घेण्याआधी लेखी ठरवा. भिंतीचे फोटो आजच काढून ठेवा, तो पांढरा चौकोन पुसायच्या आत.