सामग्येथांग: प्यायचं की खायचं?

प्रश्न असा आलाय की सोलमधल्या एका छोट्या कोझी हॉटेलात सामग्येथांग, म्हणजे कोंबडीचा एक कोरियन पदार्थ, घेतलं, त्याबद्दल मराठीत लिहायचंय, तर त्याला 'चिकन सूप' म्हणावं का, ते प्यालं म्हणायचं की खाल्लं, आणि कोझीला 'उबदार' चालेल का.

आधी नाव. साम म्हणजे जिनसेंग, ग्ये म्हणजे कोंबडी, थांग म्हणजे बराच वेळ उकळून केलेला रस्सेदार पदार्थ. इंग्रजी स्पेलिंग बघून सॅमगेटँग लिहितात ते कृपया नको, कोरियनमध्ये तिथे स्वच्छ 'आ' आहे आणि 'थ' महाप्राण आहे, आपल्या लिपीत त आणि थ वेगळे असल्यामुळे आपल्याला हे इंग्रजीपेक्षा कितीतरी नीट लिहिता येतं. बोलताना ग्येचं 'गे' होतं, तेही बरोबर. पूर्वी ग्येसामथांग म्हणायचे, म्हणजे कोंबडी आधी, नंतर जिनसेंगचा मान वाढला आणि साम पुढे आलं.

आता सूप. आपला हा सूप इंग्रजीतून आलेला, सूपकार (म्हणजे स्वयंपाकी) मधल्या संस्कृत सूपातून नाही, पण रुळलाय, त्यामुळे चूक कुणी म्हणणार नाही. अडचण वेगळीच आहे, सूप म्हटलं की आपल्याकडे जेवणाआधीची वाटी डोळ्यासमोर येते, आणि इथे तर काळ्या मातीच्या भांड्यात खदखदणारी अख्खी कोवळी कोंबडी येते, पोटात चिकट तांदूळ, लसूण, लाल खजुरासारखी बोरं, जिनसेंगचं मूळ, सोबत मुळ्याचं किमची, म्हणजे पूर्ण जेवणच. रस्सा म्हणाल तर तिखट वाटेल, आणि सार, कढण हे तर अगदीच पातळ. मला विचाराल तर 'अळणी' हा शब्द वापरा! कोल्हापूरकडे मटणाचं बिनतिखटाचं अळणी असतं ना, तोच शब्द. अळणी म्हणजे मुळात अलवण, बिनमिठाचं, आणि सामग्येथांग शिजवताना मीठ जवळजवळ घालतच नाहीत, मीठ वेगळ्या ताटलीत येतं, आपण चवीप्रमाणे घालायचं किंवा कोंबडीचा तुकडा त्यात बुडवायचा, त्यामुळे आपल्या शब्दाचा मूळ अर्थ इथे जास्तच लागू पडतो. 'जिनसेंग घातलेली अळणी कोंबडी' असं एकदा सांगून पुढे बिनधास्त सामग्येथांगच लिहा, नपुंसकलिंगी.

क्रियापद खाणे. कोरियन लोकही असल्या पदार्थाला मॉक्ता म्हणजे खाणे हेच वापरतात, पितात ते पाणी, चहा, दारू असलं काही. आपल्याकडे तर याहून चांगली सोय आहे, कोंबडी खाल्ली, भात चमच्याने कालवला आणि रस्सा ओरपला किंवा भुरकला, ही क्रियापदं असताना 'सूप एंजॉय केलं' कशाला लिहायचं.

उबदार मात्र टाळा. एक तर आपण हॉटेलला उबदार म्हणत नाही, गोधडीला, खोलीला म्हणतो, आणि दुसरं म्हणजे हा पदार्थ खास तिथल्या उन्हाळ्याचा, जुलै-ऑगस्टमधले चोबोक, जुंगबोक, मालबोक हे तीन दिवस सगळ्यात उकाड्याचे मानतात आणि त्या दिवशी सामग्येथांगच्या हॉटेलांबाहेर रांगा लागतात. उष्णतेला उष्णतेनेच मारायचं, इयॉल्चियॉल, असं ते म्हणतात. तेव्हा 'छोटंसं घरगुती हॉटेल' लिहा, आणि आतमध्ये चार टेबलं खेटून असतील तर 'आटोपशीर'सुद्धा छान बसेल.