२६ जानेवारीला बोलायचंच असेल तर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

शाळेने यंदा २६ जानेवारीच्या कार्यक्रमात तुला बोलायला सांगितलंय आणि तुला त्याचा आनंद कमी, धसका जास्त, हे तुझ्या मेसेजवरून कळलं. विषय दिलाय ‘देशाविषयी कृतज्ञता’. तुझं म्हणणं असं, की नळाला चार दिवसांआड पाणी, पदवी घेऊन पोरं घरी बसलेली, मग कृतज्ञता कसली व्यक्त करू? प्रश्न रास्त आहे. ‘आजच्या दिवशी असं बोलू नये’ म्हणणारे गावात पुष्कळ भेटतील. मी त्यांतली नाही.

आधी एवढं कर. ‘या देशाने आपल्याला काय दिलं नाही!’ असल्या वाक्याने सुरुवात करू नकोस. मोघम आभार कुणालाच पोचत नाहीत. तुझ्या हातात प्रत्यक्ष आहे अशी एकच गोष्ट धर आणि ती कुणाच्या खटपटीने आली ते शोध. मी तुझ्या जागी असते तर मतदार यादी घेतली असती. हसू नकोस.

नोकरीत असेपर्यंत निवडणुकीची ड्युटी मला कधी चुकली नाही. बहुतेकदा मतदान अधिकारी क्रमांक दोन, म्हणजे बोटाला शाई लावणारी बाई. कांदा काढणीला जाणाऱ्या बाईच्या तर्जनीला चिरा असतात. शाई त्या चिरांत उतरते, नखावर नीट बसत नाही, मग काडी पुन्हा बुडवून रेघ ओढावी लागते. तेवढ्या वेळात पलीकडे पुरुषांच्या रांगेत तोच बागायतदार खोळंबलेला असतो, ज्याच्या वावरात ती आदल्या दिवशी वाकलेली होती. एरवी गावात तो कुणासाठी थांबत नाही. यंत्रापाशी गेल्यावर दोघांच्या बटणाची किंमत सारखी.

इंग्रजी अमदानीत असं नव्हतं. १९३५ च्या कायद्यात मत मिळायचं ते जमीनजुमला, कर, शिक्षण बघून. बहुसंख्य माणसं बाहेर, बायका तर फारच थोड्या आत. संविधानाने २१ वर्षांच्या प्रत्येकाला मत दिलं, पुढे ते वय १८ झालं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत १७ कोटींवर मतदार, त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नाही. म्हणून पक्षांना चिन्हं दिली आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. यादी करायला माणसं दारोदार गेली, तर उत्तरेकडे लाखो बायका स्वतःचं नावच सांगेनात. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’, एवढंच. सेन यांनी ठरवलं, अशी नोंद चालणार नाही, बाईचं स्वतःचं नाव हवं. त्यापायी सुमारे २८ लाख बायका त्या खेपेला यादीबाहेर राहिल्या. मला तो निर्णय टोचतो आणि पटतोही. तुझ्या मतदार ओळखपत्रावर तुझं नाव तुझं म्हणून छापलंय, त्याच्यामागे ही सगळी ओढाताण आहे. भाषणात हे सांग. मुलं ऐकतील, कारण गोष्ट आहे.

आता तुझ्या पाण्याच्या तक्रारीकडे येते. ती भाषणात आणली तर कृतघ्नपणा होईल का? डॉ. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं घटना समितीतलं भाषण मिळवून पूर्ण वाच. त्यात त्यांनी कृतज्ञतेचीच मर्यादा सांगितली आहे. देशासाठी आयुष्य वेचणाऱ्या थोरांविषयी कृतज्ञ राहण्यात वावगं काही नाही, पण स्वातंत्र्य गहाण टाकून कुठल्याही राष्ट्राने कृतज्ञ होऊ नये, हा आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेल यांचा विचार त्यांनी तिथे मांडला. त्याच भाषणात पुढे बजावलं, की २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात आपण समान होऊ, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच असेल आणि ही विसंगती फार काळ चालू दिली तर लोकशाहीच धोक्यात येईल. ज्या माणसाने मसुदा घडवला, तोच तो स्वीकारण्याच्या आदल्या दिवशी देशातल्या उणिवेवर बोट ठेवतो. मग नळाबद्दल बोलायला तू का बिचकतेस?

म्हणून सण रुक्ष करू नकोस हं. पहाटे उठून रांगोळी काढ, प्रभातफेरीत चाल, जिलेबी खा. राष्ट्रीय सणाला जिलेबीच्या ठेल्यावर उडालेली झुंबड बघून नाक मुरडणारे लोक मला आवडत नाहीत. फक्त फेरी संपली की पोरांच्या हातातले कागदी झेंडे गोळा करून घे. दुपारी ते गटाराकडेला दिसतात, ते बघवत नाही.

खरं काम जिलेबीनंतर आहे. २६ जानेवारीला ग्रामसभा असते. झेंड्याला दोनशे माणसं आणि ग्रामसभेला वीस, हे आपल्याकडे नेहमीचंच. गणपूर्तीला, म्हणजे सभा चालायला किमान हजेरी म्हणून, मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतला कमी आकडा लागतो. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग चार माणसांत ठराव उरकतात, आणि वर्षभर आपण पारावर बसून ‘आम्हाला कुणी विचारलंच नाही’ म्हणतो. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभाही घ्यायची असते. ती नुसती कागदावर होते की खरोखर, ते जाऊन बघ, आईला आणि काकूंना बरोबर ने.

बोलणं पाच मिनिटांच्या आत ठेव. पाहुण्यांच्या स्वागतातच पोरं थंडीत कुडकुडून अर्धी होतात. आणि पाण्याचा अर्ज सभेत उभं राहून तोंडी सांगू नकोस, चार दिवस आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी दे. दोन प्रती कर, एकीवर सही-शिक्क्याची पोच घे. सभेत विषय निघाला की ठराव वहीत काय लिहिला ते तिथल्या तिथे मोठ्याने वाचून दाखवायला सांग. भाषण लिहून झालं की मला पाठव, शुद्धलेखन बघून देते.

तुझ्या बाई